मे महिना, लेक आणि खळं

एप्रिल संपत आला की नवी मुंबईच्या खांदा कॉलनीतली पाळणाघरं एकेक करून बंद होऊ लागतात. दारावर पाटी लागत नाही. संध्याकाळी मूल घ्यायला गेलेल्या आईला काकू दारातच हळू आवाजात सांगतात, "सोमवारपासून मी गावाला चाललेय हं." कुणाचं गाव पाटणकडे, कुणाचं चिपळूणजवळ, कुणाचं पार जतला. खांदेश्वर, कामोठे, नवीन पनवेल या पट्ट्यातल्या बहुतेक घरांचं एक पाऊल घाटावर किंवा तळकोकणात असतं. वर्षभर दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या बाईचंही तसंच. तिची स्वतःची नातवंडं तिकडे वाट बघत असतात, तिची सुट्टी रास्त आहे. पण त्या सोमवारी सकाळी कितीतरी घरांत नवरा-बायको चहाचे कप हातात घेऊन एकमेकांकडे बघतात. दोघांनाही लोकल पकडायची असते आणि दीड वर्षांचं पोर पायात घोटाळत असतं.

२०२५चा उन्हाळा आम्ही त्या घरांपैकी एक होऊन काढला. लेक नुकती चालायला आणि लगेच पळायला लागली होती. त्या दोन-अडीच महिन्यांत मी देवळाजवळच्या तळ्याकाठी, स्टेशनच्या जिन्यात, बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर तिच्याच वयाच्या मुलांच्या आई-बापांशी, आजी-आजोबांशी बोलत राहिले. प्रत्येकाची गोष्ट वेगळी होती, अडचण मात्र एकाच जागी येऊन थांबत होती. घर आहे, पंखा आहे, दूध आहे, औषध आहे. चालू लागलेल्या मुलाला सोडायला सावलीतली चार पावलं जमीन नाही, आणि त्याच्यामागे फिरायला मोकळा माणूस नाही.

माणसाचं आधी बोलू. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करावी लागते. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवसांची रजा आहे, खासगी नोकरीतल्या बापासाठी कायदाच नाही. पलीकडच्या टोकाला अंगणवाडी आहे, पण तिथलं पूर्वप्राथमिक शिक्षण तिसऱ्या वर्षापासून सुरू होतं. म्हणजे मूल सहा महिन्यांचं झाल्यापासून तीन वर्षांचं होईपर्यंत, ज्या काळात ते रांगतं, उठतं, पडतं, सगळं तोंडात घालतं, त्याच काळात त्याला सांभाळण्याची जबाबदारी संपूर्णपणे घराची. त्यातही बेलापूर, वाशी, तळोज्यात नोकरी करणाऱ्या कितीतरी बायका आठ-दहा माणसांच्या कचेऱ्यांत असतात, तिथे पन्नासची अट लागूच होत नाही. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघराची तरतूद आहे. आमच्या ओळखीतल्या एकाही घराचं मूल तशा पाळणाघरात जात नव्हतं. ही पोकळी वर्षभर भरतात त्या कॉलनीतल्या काकू, दोन खोल्यांच्या घरात, सतरंजी अंथरून. त्या गावाला गेल्या की ती पोकळी उघडी पडते.

मग जो तो आपापली जुळवाजुळव करतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या घरात इचलकरंजीहून आजी आली. समोरच्या इमारतीतल्या जोडप्यानं रात्रपाळी आणि दिवसपाळी वाटून घेतली. बाप उरणकडच्या गोदामातून सकाळी घरी पोचतो तेव्हा आई चप्पल घालून दारात उभी असते, मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जातं. त्या दोघांनी महिनाभर एकत्र बसून जेवण केलं नाही, हे तिनं मला अगदी सहज सांगितलं. आम्ही दोघांनी रजा आलटूनपालटून काढल्या आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात सासरी, कुडाळला जायचं ठरवलं. तोवरचे दिवस खांदेश्वरमध्येच काढायचे होते.

त्या वर्षी उन्हानं वाटच पाहिली नाही. फेब्रुवारीच्या अखेरीलाच मुंबई, ठाणे, रायगडला उष्णतेच्या लाटेचा इशारा आला होता. हवामान खात्याच्या निकषानुसार किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेलं की लाट म्हणतात. मैदानी मुलखात त्यासाठी ४० अंश लागतात. हा फरक नीट समजून घ्यायला हवा. विदर्भातल्या नातेवाइकांना आमचे ३६-३७ अंश किरकोळ वाटतात. पण खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी आमच्या शेजारच्या खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर दुपारपर्यंत उघड्या मैदानात चालला. उष्माघातानं १४ माणसं गेली. त्या दिवशीचं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. त्या मैदानापासून आमचं घर फार लांब नाही. एप्रिलमधल्या दुपारी लेकीला कडेवर घेऊन रस्ता ओलांडायची वेळ आली की मला तो दिवस हमखास आठवतो.

लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. वजनाच्या मानानं त्याची कातडी जास्त, म्हणून बाहेरची उष्णता ते चटकन ओढून घेतं. घाम कमी येतो. आणि तहान लागली हे त्याला सांगता येत नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितलेली खूण सोपी होती: लघवी किती वेळानं होते आणि तिचा रंग कसा आहे ते पाहा. डायपर बांधून ठेवला तर हेच कळत नाही, म्हणून दुपारभर तिला नुसत्या सुती झबल्यात ठेवलं. मानेवर, काखेत घामोळं उठलं होतं. पावडरीपेक्षा कोमट पाण्याची आंघोळ आणि मोकळी हवा यांनीच ते गेलं. कैरीचं पन्हं तिनं थुंकून टाकलं, कोकम सरबत मात्र आवडलं. शहाळ्याचं पाणी चमच्यानं, ताक वाटीनं. जुलाब झाले तर मीठ-साखर-पाण्याच्या पाकिटातली सगळी पूड मोजून एक लिटर पाण्यात घालायची, अंदाजानं अर्धी पूड पेल्यात घालायची नाही, हेही डॉक्टरांनी प्रत्येक पालकाला बजावून सांगितलं. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपल्यावर हेच पाणी पिंपांतून पाजलं आणि पटकीचे हजारो रोगी वाचवले. औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या त्या पाकिटामागे एवढा इतिहास आहे. डॉक्टरांनी बजावल्यापासून ते आमच्या प्रवासाच्या पिशवीत कायम असतं.

पाण्याचाही एक भाग आहेच. खांदा कॉलनी आणि नवीन पनवेलला उन्हाळ्यात पाणी कमी दाबानं येतं, एखाद्या दिवशी येतच नाही, आणि सोसायटीच्या फाटकाशी टँकर उभा राहतो. अशा दिवसांत घराघरांत बादल्या, टब, पिंपं भरून ठेवलेली असतात. चालायला लागलेलं मूल घरात असताना भरलेली बादली ही घरातली सगळ्यांत धोकादायक वस्तू. मूल वाकून बघतं, डोकं जड असल्यानं तोल जातो, आणि वीतभर पाणीही पुरेसं होतं. आम्ही न्हाणीघराला वरच्या बाजूला कडी लावून घेतली. पाणीकपात आणि लहान मूल यांचा असा संबंध असतो हे मूल होईपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ज्या इमारतींत टँकर येतात, तिथल्या प्रत्येक तरुण आई-बापाला कुणीतरी हे सांगायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक ते दोन वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल करावी, ११ ते १४ तास झोपावं, आणि दोन वर्षांच्या आत मोबाइल-टीव्हीचा पडदा दाखवूच नये, असं त्यात म्हटलंय. ते वाचल्यावर मी खांदेश्वरमधला मे महिना डोळ्यांसमोर आणला. हे तीन तास आणायचे कुठून? सकाळी साडेआठनंतर ऊन अंगावर घेववत नाही. संध्याकाळी सहापर्यंत फरश्या आणि भिंती धग टाकत असतात. आमच्या सेक्टरातल्या बागेला दुपारी कुलूप असतं, आणि ते उघडल्यावरही घसरगुंडीला हात लावून बघावा लागतो. रस्त्याच्या कडेला दुचाक्या, पदपथावर फरश्या निघालेल्या. इमारतीखाली गाड्या. राहता राहिलं घर, आणि घरात जेवणाचं टेबल, सोफा, कपाट यांतून जी चिंचोळी वाट उरते तिच्यात दीड वर्षांचं मूल फेऱ्या मारतं. दुपारी ते कंटाळतं, रडतं, आणि आई स्वयंपाकघरात असते किंवा लॅपटॉपवर मीटिंगमध्ये. त्या वेळी हातात मोबाइल दिला जातो. ज्या आईनं तो दिला तिला दोष देण्याची माझी तयारी नाही. तिला दुसरं काही देता येईल अशी जागा आपण शिल्लक ठेवलेली नाही.

आमचा मोठा आधार खांदेश्वराचं देऊळ आणि त्याच्यालगतचं तळं. महादेवाचं हे ठिकाण. पहाटे साडेसहाला तिथे जा, कॉलनीतली सगळी लहान मुलं आजोबांच्या बोटाला धरून आलेली दिसतील. देवळाच्या ओट्यावर चढणं-उतरणं हाच लेकीचा मुख्य कार्यक्रम. एक पायरी चढायची, वळायचं, बसायचं, सरकत खाली यायचं. पुन्हा. घंटेसाठी उचलून घ्यायचं. कबुतरांमागे धावायचं. तिथल्या गारव्यात ती तासभर न थकता चालत असे, आणि मग दिवसभर बरी राही. एक निवृत्त गिरणी कामगार आजोबा रोज नातवाला घेऊन येत. परळच्या चाळीत आपण गॅलरीतच वाढलो, सगळ्या मजल्याची पोरं एकाच गॅलरीत असत, कुणाची आई कुठे गेली तरी फरक पडत नसे, असं ते सांगायचे. नातवाचं घर चाळीतल्या खोलीपेक्षा तिप्पट मोठं आहे, आणि दार सदोदित बंद.

मुलांना अशी मोकळी, सामाईक जागा लागते हे नवी मुंबई वसवणाऱ्यांना सुचलंच नव्हतं असं मात्र नाही. हे शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७०ची. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना त्याआधीच, साठच्या दशकाच्या मध्याला मांडली होती, आणि कोरिया पुढे सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार होते. त्यांनीच ऐंशीच्या दशकात बेलापूरला डोंगराच्या पायथ्याशी घरांची एक वसाहत उभारली. लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. तिथे सात-सात घरांच्या मधोमध साधारण आठ मीटर लांब-रुंद असं सामाईक अंगण आहे. असे तीन गट एकत्र येऊन आणखी मोठ्या चौकाभोवती बसतात. घरं मोठी नाहीत. श्रीमंतांसाठी बांधलेलीही नव्हती. आमच्याच हार्बर मार्गावर, खांदेश्वरपासून थोड्याच स्टेशनांवर हे आहे.

मी लेकीला घेऊन एका रविवारी संध्याकाळी तिथे गेले. गेल्या चाळीस वर्षांत बऱ्याच घरांवर मजले चढलेत, काही अंगणांत गाड्याही शिरल्यात. तरी काही चौक अजून चौक आहेत. तशा एका चौकात लेकीला खाली सोडलं. तिथल्या दोन मुलींनी तिला लगेच ताब्यात घेतलं, एक बाई दारात भाजी निवडत सगळ्यांकडे बघत होती. मी उंबऱ्यावर बसले, आणि बऱ्याच आठवड्यांत पहिल्यांदा मला लेकीच्या एका हाताच्या अंतरावर उभं राहावं लागलं नाही. आठ मीटर बाय आठ मीटर. आमच्या इमारतीखाली मोटारी लावायला जेवढी जागा आहे त्याच्या पाव भागापेक्षा ती कमी असेल. खांदेश्वर स्टेशनजवळच्या मोकळ्या जागेत सिडकोच्या घरांचे मनोरे आता उभे आहेत. २०२४च्या दसऱ्याला जाहीर झालेल्या २६,००० घरांच्या योजनेत खांदेश्वरचं नाव होतं. घरं हवीतच, मुंबईत परवडत नाही म्हणून तर आम्ही सगळे इथे आलो. पण त्या मनोऱ्यांत राहायला येणारी बहुतेक जोडपी आमच्याच वयाची असतील, त्यांना दोन-तीन वर्षांत मुलं होतील, आणि त्या मुलांचं पहिलं पाऊल लिफ्टसमोरच्या फरशीवर पडेल. नकाशा काढणाऱ्याच्या टेबलावर हा विचार व्हायला हवा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. कोकणच्या गाडीचं आरक्षण ही स्वतंत्र लढाई आहे. नोव्हेंबर २०२४पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे मेच्या तिकिटासाठी मार्चमध्ये सकाळी आठच्या ठोक्याला नवरा-बायको दोघंही फोन घेऊन बसतात. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, आणि म्हणून जागाही नाही. सकाळची मांडवी एक्स्प्रेस पनवेलला येते तेव्हा फलाट भरलेला असतो. पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, आजोबांसाठी घेतलेला पंखा, आणि प्रत्येक दुसऱ्या कडेवर एक मूल. गाडी थांबते मोजकी मिनिटं. मुलाला आधी आत द्यायचं, सामान मागून. हा नियम फलाटावरच्या प्रत्येक अनुभवी बाईला पाठ असतो.

गाडीत बसल्यावर मला मधू दंडवते आठवले. राजापूरचे हे खासदार १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात तोवर नुसत्या लाकडी फळ्या असत, त्यांच्यावर दोन इंच जाडीची गादी आली ती त्यांच्या काळात. कोकण रेल्वेसाठी ते आयुष्यभर झगडले. पुढे जॉर्ज फर्नांडिस आणि ई. श्रीधरन यांच्या हातून ती उभी राहिली आणि २६ जानेवारी १९९८ला रोह्यापासूनचा पूर्ण मार्ग खुला झाला. त्याआधी माझ्या सासूबाई तान्ह्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, घेऊन एसटीनं रात्रभर घाट-वळणं पार करत कुडाळला येत. मूल ओकायचं, दूध नासायचं, रात्री कुठे थांबलं तर अंधारात बाळाला बदलायचं कुठे हा प्रश्न असायचा. आता समोरच्या बाकावरच्या बाईनं दोन वरच्या बर्थांच्या साखळ्यांना सुती साडीची झोळी बांधली, बाळाला तिच्यात घातलं, आणि गाडीच्या हेलकाव्यानं ते खेडपर्यंत झोपलं. आमची लेक झोळीत मावेना, ती त्या दोन इंचांच्या गादीवर झोपली. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात जागी झाली आणि अंधार संपेपर्यंत माझ्या गळ्याला घट्ट धरून बसली. रोहा ते वीर मार्ग दुहेरी झालाय, पुढे बहुतेक एकेरीच, म्हणून क्रॉसिंगला गाडी थांबत राहते. अशा थांब्यांवर डब्यातली सगळी छोटी मुलं एका ठिकाणी जमतात आणि एकमेकांचा खाऊ खातात.

नवऱ्याचं गाव कुडाळपासून थोडं आत, नेरूरच्या बाजूला. घर कौलारू, समोर शेणानं सारवलेलं खळं. मुंबईकडे अंगण म्हणतात, इथे खळं. त्यावर उन्हाळ्याचा मांडव, नारळाच्या झापांचा. मध्ये तुळस. एका बाजूला चटईवर आमसुलं वाळत घातलेली, दुसरीकडे ताटांत आंब्याची साठं. लेकीला मी कडेवरून खाली सोडत नव्हते; माती, मुंग्या, कोंबड्या, सगळ्याची धास्ती. चुलत सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "चेडवाक खळ्यात सोड गो, कायएक होवचा नाय."

सोडलं. पहिल्या दिवशी ती अनवाणी पायांनी सारवलेल्या जमिनीवर उभी राहिली आणि पाय उचलून उचलून बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिला घरात आणणं अवघड झालं. सकाळी उठली की खळं. दहा वाजता उकड्या तांदळाची पेज, थोडं मीठ, शेजारी भाजलेला पापड. खांदेश्वरला चार घासांना तासभर घालवणारं मूल इथे मांडी घालून वाटीभर पेज खायचं, कारण रांगेत बसलेली मोठी चुलत भावंडं खात होती. मग करवंट्यांत पाणी ओतणं, माठाखालच्या ओल्या वाळूत हात घालणं, कोंबडीच्या मागे जाणं. दुपारी मांडवाखाली वाऱ्यावर झोप. हे सगळं मिळून १८० मिनिटांच्या किती पुढे गेलं असेल ते मी मोजलं नाही, मोजावंसं वाटलंच नाही.

तिच्यावर किती जणांची नजर होती! ओटीवर आजोबा, चुलीपाशी आजी, विहिरीकडे काकी, वाडीतल्या पोरी येता-जाता. कुणा एकाकडे तिची जबाबदारी नव्हती आणि ती कधी एकटीही नव्हती. मी दुपारी झोपले. बाळंतपणानंतर अशी झोप मला लागली नव्हती. आमची सुट्टी म्हणजे खरं तर ही झोप. मालवणचा किल्ला पाहायचा राहिला, चालेल. एक दिवस फक्त पिंगुळीला गेलो. परशुराम गंगावणे यांनी गोठ्यात उभं केलेलं ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्यांचं आणि चित्रकथीचं संग्रहालय तिथे आहे. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बाहुली नाचली तेव्हा लेक श्वास रोखून बघत होती. तिनं आयुष्यात पाहिलेला पहिला खेळ पडद्यावरचा नव्हता, याचा मला फार आनंद आहे.

या मोकळेपणाचं मोल कुणीतरी देत असतं हेही लिहायला हवं. आजी साठीच्या पुढची, गुडघे दुखतात. काकी पहाटे पाचला उठते. आम्ही शहरातून आलो की त्यांच्या कामात दहा माणसांच्या जेवणाची भर पडते, वर मूल. नवऱ्यानं आणि त्याच्या भावानं पाणी शेंदणं, भांडी, संध्याकाळचा स्वयंपाक हाती घेतला. त्यावर वाडीत थोडी कुजबुज झाली, पण सासऱ्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मामाच्या गावाची सगळी सुखं आजवर मामीच्या कष्टांवर उभी होती. यापुढे ती तशी राहू नयेत असं मला मनापासून वाटतं.

भीती होतीच, आणि ती खोटी नव्हती. उन्हाळ्यात कोकणात लाल विंचू निघतो, लाकडांच्या ढिगात, चिऱ्यांच्या फटीत, दारामागे काढून ठेवलेल्या कपड्यांत. लहान मुलाला त्याचा दंश जिवावर बेततो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांचं नाव कोकणातल्या प्रत्येक आई-बापाला माहीत असायला हवं. सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशाच्या रोग्यांशेजारी रात्र-रात्र बसून नोंदी ठेवल्या. विषानं हृदयावर नेमका काय परिणाम होतो हे पाहिलं, आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे साधं औषध त्यावर लागू पडतं हे दाखवून दिलं. पूर्वी अशा गंभीर रोग्यांतले चाळीस टक्क्यांच्या आसपास दगावत, ते प्रमाण एका टक्क्यापर्यंत खाली आलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं त्यांचं काम छापलं, २०२२ साली पद्मश्री मिळाली. आम्ही गावात पोचल्यावर पहिल्यांदा जवळच्या आरोग्य केंद्राची चौकशी केली आणि तिथे हे औषध आहे ना ते विचारून घेतलं. आजीचा नियम त्याहून जुना: कपडे झाडल्याशिवाय घालायचे नाहीत, अंथरूण भिंतीपासून लांब, आणि संध्याकाळनंतर मूल लाकडांकडे नाही. दुसरी भीती बियांची. जांभूळ, करवंद, फणसाची आठळ, काजूबी. दीड वर्षांच्या घशात अडकायला काहीही पुरतं. फणसाचे गरे आजी स्वतःच्या हातानं बारीक करून भरवायची, आठळ्या लगेच उचलून ठेवायची.

खळ्यात बसून मी ताराबाई मोडकांबद्दल पुन्हा वाचलं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. परदेशी साधनं महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, माती यांतून मोजायला, लावायला, ओतायला शिकवलं. आधी मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग खेळ. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि ताराबाईंनंतर अनुताईंनी ते वाढवलं. २ ऑक्टोबर १९७५ला देशात ३३ ठिकाणी सुरू झालेल्या अंगणवाड्यांच्या योजनेच्या आधी तीस वर्षं हा प्रयोग तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात चालू होता. वारली पाड्यावरच्या मुलाला द्यायला हवं म्हणून त्या दोघींनी जे ओळखलं, तेच आज खांदेश्वरच्या सातव्या मजल्यावरच्या मुलालाही कमी पडतंय.

२० मेनंतर आभाळ भरून आलं. एरवी कोकणात मे अखेर वळवाच्या सरी येतात, जातात. त्या वर्षी अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, आणि २४ मेला ते रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला, २५ला देवगडला, २६ला मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. इतक्या लवकर तो तिथे आल्याची नोंद १९५०पासून नव्हती. गावात धावपळ उडाली. मांडव काढायचा राहिला होता. आमसुलं भिजली, साठांवर बुरशी आली. चुलीची लाकडं अजून आत भरलेली नव्हती. झाडावर शेवटचे आंबे होते, ते गळून खाली पडले. बागायतदारांच्या बोलण्यात नुसती हळहळ. सासरे दिवसभर ताडपत्री ओढत राहिले, आणि आम्ही सगळे त्यांच्या हाताखाली.

लेकीला मात्र हे सगळं नवलाचं. पन्हळीतून धार पडायला लागल्यावर ती तिच्याखाली हात धरून उभी राहिली. आजीनं तिला पाच मिनिटं भिजू दिलं, मग पदरानं डोकं पुसून चुलीजवळ बसवलं.

जूनच्या सुरुवातीला आम्ही परतलो. काकूही गावाहून आल्या, पाळणाघर उघडलं. पण घरी आल्यावर लेक सकाळी उठून दाराशी जाऊन उभी राहू लागली आणि दार वाजवू लागली. ते बघून नवऱ्यानं सोसायटीच्या सभेत एक अर्ज दिला: इमारतीखालच्या जिन्याजवळचे मोटारींचे तीन चौकोन संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मोकळे ठेवावेत, तिथे चटया अंथरून लहान मुलांना खेळू द्यावं, आणि दोन मोठी माणसं आळीपाळीनं तिथे बसतील. इमारतीत पाच वर्षांखालची मुलं किती आहेत हे तेव्हा पहिल्यांदा कागदावर मांडलं गेलं, आणि समितीतले काका तो आकडा बघून थोडा वेळ काही बोलले नाहीत.

गाड्यावाल्यांची हरकत आली, ती समजण्यासारखी आहे; रस्त्यावर जागा मिळत नाही, पावसात गाडी लांब लावून चालत यावं लागतं. वादावादी दोन सभा चालली. शेवटी एक चौकोन मिळाला, तोही दिवाळीपर्यंत, करून बघू म्हणून. खालच्या मजल्यावरच्या इचलकरंजीच्या आजी सोमवार-बुधवार बसतात, निवृत्त गिरणी कामगार आजोबा दुसऱ्या इमारतीतून नातवाला घेऊन येतात आणि मंगळवार सांभाळतात. शुक्रवारी बाप लोक. करवंट्या कुडाळहून आणलेल्या आहेत, वाळूऐवजी एका परातीत तांदूळ. उरलेल्या दोन चौकोनांचा विषय पुढच्या वार्षिक सभेत येणार आहे. मार्चच्या आत ठराव झाला तर वर सावलीचं कापड बांधून घेता येईल. त्याचा खर्च किती, हे आम्ही विचारून ठेवलंय.